नवी इमारत बांधली की संघ जिंकतो?
अमेरिकन फुटबॉलमध्ये हरणाऱ्या कॉलेज संघाला आधी नवं सराव-संकुल द्या, मग निकाल बदलतील, हे लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. मी शिकागोजवळ एव्हन्स्टनला राहतो. इथल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने मिशिगन सरोवराच्या अगदी काठावर रायन फील्डहाऊस हे छताखालचं सराव-संकुल उभारलं, खर्च सुमारे 27 कोटी डॉलर. जानेवारीत बाहेर बर्फ साचलेला असतो आणि त्या प्रचंड काचेपलीकडे हिरवंगार मैदान दिसतं. खरंच बघत राहावं असं! 2018 मध्ये ते सुरू झालं. 2019 मध्ये त्यांच्या संघाने 12 पैकी 3 सामने जिंकले. 2020 छान गेलं, पण 2022 मध्ये फक्त एक विजय, तोही नेब्रास्का विद्यापीठाविरुद्ध डब्लिनला, म्हणजे थेट आयर्लंडमध्ये. अमेरिकेत एकही नाही. फार वाईट वाटायचं त्या पोरांसाठी.

उलट इंडियाना विद्यापीठाचा संघ बघा. 2023 मध्ये 3 विजय, 2024 मध्ये 11. स्टेडियम तेच. बदलले ते प्रशिक्षक, कर्ट सिग्नेटी, आणि त्यांनी आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून सोबत आणलेले खेळाडू.

बर्फाच्या प्रदेशात छताखाली सराव हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण जुलै 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. हात आखडता असेल तर आधी चांगला प्रशिक्षक आणि खेळाडू आणा, लॉकर रूमच्या संगमरवराचं नंतर बघू.