पावागड 'झोपलेला ज्वालामुखी' नाही

बडोद्यातील मराठी कुटुंबांमध्ये सध्या फिरणाऱ्या एका संदेशात असे म्हटले आहे की बडोद्याजवळचा पावागड डोंगर हा झोपलेला ज्वालामुखी असून तो हिमालयासारखा दरवर्षी वाढतो आहे. यातील ज्वालामुखीचा संबंध तेवढा खरा आहे; बाकीचे नाही.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले, त्याच घडामोडींतून पावागडाचा खडक निर्माण झाला. ती क्रिया कोट्यवधी वर्षांपूर्वीच थांबली असल्यामुळे तिला 'झोप' म्हणणे म्हणजे विझून गार झालेल्या चुलीला पेटती म्हणण्यासारखे आहे. आज दिसणारा उभा डोंगर उद्रेकाने वर ढकलला गेलेला नसून, ऊन-पाऊस आणि ओढे यांनी भोवतालचा खडक झिजवून नेल्यावर जे उरले, ते आहे. खालच्या भागात मुख्यतः काळा बेसाल्ट आणि माथ्याकडे फिकट, सिलिकायुक्त ऱ्हायोलाइट हे ज्वालामुखीतून बनलेले खडक आढळतात. हा कठीण माथा सावकाश झिजतो, म्हणून मैदानातून डोंगर सुमारे ८०० मीटर उंचीपर्यंत एकटा उभा दिसतो.

हिमालयाची गोष्ट वेगळी. भारतीय भूपट्ट (पृथ्वीच्या बाह्य कवचाचा प्रचंड तुकडा) आजही वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो आहे, त्यामुळे हिमालय उचलला जातो आणि नद्या त्याला त्याच वेळी कापतही असतात. पावागडाखाली अशी टक्कर नाही. तो वाढत नाही, अतिशय मंदपणे झिजतो आहे.

नवरात्रात कालिकामातेच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी उद्रेकाची भीती बाळगण्याचे कारण नाही; पावसाळ्यात सुटणाऱ्या दगडांकडे मात्र लक्ष असावे.