भिंतीवर कोणाचे फोटो लावणार?

आज दुपारपासून डोकं तापलंय. त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे जा.

आमच्या शाळेची ज्युबिली आहे पुढच्या वर्षी. ठाण्यातली कॉन्व्हेंट शाळा, एवढं पुरे, नाव लिहीत नाही. माजी विद्यार्थ्यांची कमिटी झाली, कमिटीने ग्रुप काढला आणि आज ग्रुपवर गूगल फॉर्म आला. नव्या इमारतीच्या लॉबीत ‘नामवंत माजी विद्यार्थी’ म्हणून एक भिंत होणार आहे, तिच्यासाठी नावं सुचवा. रकाने काय, तर सध्याचं पद, कंपनी, देश, पुरस्कार. आणि सगळ्यात खाली वार्षिक उत्पन्नाचा गट. कंसात ‘ऐच्छिक’. उपकारच झाले म्हणायचे!

मी एक नाव भरलं. पद : वायरमन. कंपनी : वीज कंपनी. देश : भारत. पुरस्कार : निरंक. उत्पन्नाचा रकाना मुद्दाम भरला नाही.

अर्ध्या तासात कमिटीतल्या एकाचा वेगळा मेसेज. “ताई, थँक्स, पण आपण जरा प्रॉमिनंट नावं बघतोय. फोटोखाली लिहायला काहीतरी पाहिजे ना.” पुढे हसरा चेहरा.

फोटोखाली लिहायला काहीतरी पाहिजे. ठीक. मी सांगते काय लिहायचं ते.

तिसरीत हा माझ्या पुढच्या बाकावर बसायचा. वडील वागळे इस्टेटमध्ये टर्नर. त्या वर्षी त्यांच्या कंपनीला टाळं लागलं. तेव्हा ठाण्यात त्याचं कोणाला नवल वाटत नव्हतं, प्रत्येक वर्गात अशी दोन-चार घरं निघायचीच. फी थकली. आमच्याकडे ऑफिसातले क्लार्क थकबाकीची यादी घेऊन वर्गावर यायचे आणि मोठ्याने नावं वाचायचे. ज्याचं नाव येईल त्याने उभं राहायचं. सगळ्या वर्गाने वळून बघायचं. त्या दिवशी डिक्टेशन चाललं होतं. क्लार्क दारात आले, “सिस्टर, लिस्ट.” सिस्टरनी हात पुढे केला, यादी घेतली, उघडून बघितलीसुद्धा नाही, चार घड्या घालून कॅटलॉगमध्ये सरकवली आणि आम्हाला पुढचा शब्द सांगितला. ‘नेबर’. क्लार्क थोडा वेळ घुटमळले आणि गेले. आम्ही लिहीत राहिलो.

त्यानंतर आमच्या वर्गात यादी कधी वाचली गेली नाही. शेजारच्या तुकडीत वाचली जायची, आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू यायची.

तर आज मी असा नकार खाऊन बसले असताना तिकडे ग्रुपवर नावांचा पाऊस सुरू झाला. आपल्यासारख्या मिशनऱ्यांच्या शाळांनी देशाला काय दिलं वगैरे. सुनील गावसकर, मुंबईचं सेंट झेव्हियर्स. राहुल द्रविड, बंगळूरचं सेंट जोसेफ्स. रवी शास्त्री, माटुंग्याचं डॉन बॉस्को. मग कोणीतरी राजकारणात घुसलं. अडवाणी कराचीच्या सेंट पॅट्रिक्सचे, जेटली दिल्लीच्या झेव्हियर्सचे, पर्रीकर मडगावच्या लोयोलाचे. ही यादी मलाही आवडते, खोटं कशाला बोलू? ऊठसूट कॉन्व्हेंटच्या नावाने खडे फोडणाऱ्या काकांना पाठवायला तर फारच उपयोगी आहे.

पण जरा विचार करा ना. गावसकरांनी १९७१ ला वेस्ट इंडिजमध्ये पहिल्याच मालिकेत ७७४ धावा काढल्या. त्यांचे सख्खे मामा माधव मंत्री, स्वतः कसोटी खेळलेले, यष्टिरक्षक. द्रविडच्या १३,२८८ कसोटी धावा आहेत, आणि आई आर्किटेक्चरची प्राध्यापक. अशा घरातलं पोर नगरपालिकेच्या शाळेत घातलं असतं तरी कुठे ना कुठे चमकलंच असतं. शाळेने त्यांना मैदान दिलं, कोच दिले, सामने दिले, हे मान्य. पण श्रेय शाळेचं किती आणि घराचं किती? घरात जे नव्हतं ते शाळेने किती दिलं, ते मोजा की. मामा कसोटीपटू असलेल्या मुलाला भिंतीवर चढवताय, आणि ज्याचा बाप सकाळी डबा घेऊन निघायचा आणि बंद गेटसमोर बसून संध्याकाळी परत यायचा, त्याच्या नावाला ‘प्रॉमिनंट’ नाही म्हणताय!

एकाने जगदीशचंद्र बोसही टाकले, झेव्हियर्स कलकत्ता म्हणून. अहो, बोस झेव्हियर्समध्ये नंतर गेले. त्यांची पहिली शाळा म्हणजे गावची बंगाली पाठशाळा, तीही वडिलांच्या हट्टापायी. वडील सरकारी अधिकारी, पोराला इंग्रजी शाळेत सहज घालू शकले असते. त्या पाठशाळेत एका बाजूला वडिलांच्या चपराशाचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. मासे, पक्षी, पाण्यातले जीव यांच्या गोष्टी त्या कोळ्याच्या पोराकडून ऐकल्या, त्यातून निसर्गाची गोडी लागली, असं बोसांनी स्वतःच पुढे सांगितलंय. हे ग्रुपवर लिहिलं, तर एक अंगठा आला. एक.

आमच्या वर्गातही चेंदणी कोळीवाड्यातली एक होती. तिचा डबा उघडला की अर्धा वर्ग नाक दाबायचा आणि उरलेला अर्धा हात पुढे करायचा. आज ती आईचीच पाटी चालवते बाजारात. गल्लीतल्या बायकांचे बँकेचे कागद, विम्याचे फॉर्म, पोरांच्या ॲडमिशनची पत्रं सगळी तिच्याकडे येतात आणि ती मासे कापता कापता तोंडाने मजकूर सांगते, समोरची लिहून घेते. तिचं नाव फॉर्ममध्ये भरायचं राहिलंय. भरते आता. पदाच्या रकान्यात काय टाकू ते सुचवा.

आता तुमच्यातले काही लगेच उठतील. “तुमच्या त्या शाळेत मराठी बोललं की दंड होता ना?” होता. रुपया. मीही भरलाय, आणि त्या बाबतीत मी शाळेला आजही माफ केलेलं नाही. पण म्हणून ख्रिस्ती म्हणजे मराठीचे वैरी हे मला ऐकवू नका. २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, वसईचे. दुसरं उठेल, “धर्मांतर”. माझ्या घरी अजून गौरी बसतात बाबांनो, वायरमनच्या घरी पाच दिवसांचा गणपती असतो. वर्गातली कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्माच्या तासाला, जायची तेव्हा आम्हाला मॉरल सायन्स असायचं, त्यात खोटं बोलू नये आणि डबा वाटून खावा एवढंच शिकवायचे. त्यातलं दुसरं आम्ही पाळायचो. सगळ्याच सिस्टर देवमाणूस होत्या असंही नाही. चौथीच्या सिस्टर पट्टीची कड वापरायच्या. ते जाऊ दे.

फीचं सांगायचं राहिलं. त्याची फी कोणी भरली ते त्याला आजही माहीत नाही. आई शाळेत विचारायला गेली तर सिस्टर म्हणाल्या, “ते झाला. तुमी डबा टायमावर द्या.” मंगळूरकडच्या होत्या, मराठी असंच बोलायच्या. आई नंतर कित्येक वर्षं ते वाक्य त्याच टोनमध्ये म्हणून दाखवायची, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावायची.

पोरगा दहावी झाला, बरे मार्क पडले, आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलं, वीज कंपनीत लागला. संपली गोष्ट. ना पॅकेज, ना परदेश.

आता गेल्या पावसाळ्यातली रात्र सांगते. कोलबाडला, आमच्याच बिल्डिंगमध्ये. रात्री अकराला सगळी गल्ली अंधारात, पाऊस कोसळतोय, सोसायटीचे सेक्रेटरी फोनवर फोन करतायत आणि प्रत्येक फोनला आवाज चढतोय. गाडी आली, हा उतरला. रेनकोट, हातात बॅटरी, मागे हेल्पर. सेक्रेटरी सुरू, “किती वेळ लावता, टॅक्स भरतो आम्ही.” याने ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? “बिल्डिंगमध्ये मशीनवर कोणी आहे का?” तिसऱ्या मजल्यावरचे काका ऑक्सिजनच्या मशीनवर होते. खाली जमलेल्या एकाच्याही, माझ्यासकट, डोक्यात ते आलं नव्हतं. आधी दुसऱ्या फेजवरून त्यांची लाइन चालू करून दिली, मग केबलच्या फॉल्टमागे लागला. जाताना सोसायटीच्या बोर्डावर चिठ्ठी लावून गेला, केबल फॉल्ट आहे, पहाटे चारपर्यंत सप्लाय येईल, कृपया सहकार्य करा. इंग्रजीत आणि मराठीत, दोन्ही. इंग्रजीतलं अक्षर तिसरीतलं! सिस्टरनी चार रेघांच्या वहीत घोटून घेतलेलं जोडअक्षर, एफला वर पोट, खाली पोट. माझं तसं राहिलं नाही, टायपिंगने वाट लावली. त्याचं आहे.

लाइट पावणेचारला आली.

हे लिहा फोटोखाली. जागा कमी पडत असेल तर पुरस्काराचा रकाना काढा.

आणि आता ज्याने खरा संताप होतोय ते. माझ्या भाचीने नवी मुंबईतल्या एका कॉन्व्हेंटमध्ये मुलीसाठी प्रयत्न केला. फॉर्म ऑनलाइन, उघडला काय आणि बंद झाला काय. मग आईवडिलांचं ‘इंटरॅक्शन’. इंटरव्ह्यू म्हणत नाहीत हल्ली. आईचं शिक्षण काय, घरात कोणती भाषा बोलता, मुलीला तुम्ही वेळ किती देता. भाची इंजिनिअर, नवरा इंजिनिअर, झाली ॲडमिशन, आनंद आहे. पण तिच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी दिघ्याहून येतात, त्यांची नात त्याच वयाची. त्यांनी विचारलं, “ताई, तिथे आमच्या पोरीचं होईल का?” भाचीने मला विचारलं काय सांगू. मी काय सांगणार? त्या खोलीत त्या मावशींच्या सुनेला बसवून कोणी विचारलं, घरात इंग्रजी बोलता का, तर ती उठून निघून येईल.

कायद्याचं मला माहितीये, शिकवू नका. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के जागांचं बंधन नाही. घटनेचं कलम ३० आहे, आपली संस्था आपण चालवायचा हक्क आहे, आणि तो राहायलाच हवा, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण सिस्टरनी यादीची घडी घातली तेव्हा कुठला आरटीई होता? तो कायदा २००९ चा. टर्नरचा पोरगा, कोळणीची पोरगी, सगळे कोणी सांगितलं नसताना घेतलेच होते ना? आता बंधन नाही म्हणून नाही घ्यायचं? मग कशाची ज्युबिली करताय? मार्बलची?

हो, खर्च वाढलेत, पगार वाढलेत, अनुदान सगळीकडे नाही, विनाअनुदानित शाळा फीवरच चालणार. कळतं मला. संस्थेचं ऑफिस मी नाही चालवत. तरी शंभरात चार-पाच मुलं अशी घेतली तर शाळा बुडत नाही. ज्यांना लॉबीत भिंत परवडते त्यांना तर नक्की परवडतं.

आत्ता हे लिहिता लिहिता त्याला फोन केला, विचारलं, तुझ्याबद्दल लिहितेय, चालेल का. म्हणाला, “नाव टाकू नकोस, साहेब वाचतात फेसबुक.” मग म्हणाला, सिस्टर आता मंगळूरलाच असतात, त्यांच्या निवृत्त सिस्टरांच्या घरात, आणि ख्रिसमसला हा फोन करतो. दर वर्षी. मला माहीतच नव्हतं. सिस्टरना आता नीट ऐकू येत नाही, मोठ्याने बोलावं लागतं, आणि दर वेळी त्या विचारतात, “तुजा हँडरायटिंग कसा आहे?” राग जरा उतरला माझा. पूर्ण नाही.

तर मुद्दा. रविवारी कमिटीची मीटिंग आहे, शाळेच्या हॉलमध्ये, माजी विद्यार्थी कोणीही येऊ शकतो. भिंतीसाठी माझ्याकडून एक पैसा मिळणार नाही. ज्युनियर केजीत दर वर्षी काही मुलं फीशिवाय, इंटरॅक्शनशिवाय घेणार असाल तर मी महिन्याला ठरावीक रक्कम द्यायला तयार आहे, लेखी देते. हे मी तिथे उभं राहून विचारणार आहे, आणि एकटीने विचारलं तर “ताई, नंतर बोलू” म्हणून बसवतील. कोण कोण येतंय? बॅच लिहा खाली. आणि ‘नक्की प्रयत्न करते’ वाल्यांनी कमेंट करू नका, प्लीज.