सावळ्या त्वचेला सरसकट ग्लायकोलिक नको

चेहऱ्यावरच्या काळ्या डागांविषयीच्या तुमच्या लेखात सगळ्यांनाच ग्लायकोलिक ॲसिड (त्वचेचा वरचा मृत थर काढणारं ॲसिड) सुचवलंय, ते पटलं नाही. त्याचा रेणू फार लहान, त्यामुळे ते झटकन आत शिरतं आणि चुरचुरतंही जास्त. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेची अशी आग झाली की बरी होताना तिथेच नवा डाग उमटतो. सुरुवात करणाऱ्यांनी त्यापेक्षा त्याच जातीचं मँडेलिक ॲसिड घ्यावं. रेणू मोठा, काम सावकाश, त्रास कमी.

माझ्या भाचीच्या हनुवटीवर पिंपल्स गेल्यावर तपकिरी खुणा राहिल्या होत्या. ती तेव्हा गरोदर होती, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांनी गरोदरपणात चालणारं ॲझेलेइक ॲसिड दिलं. रात्री, वाटाण्याएवढं, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावरच. खुणा जायला काही महिने लागले, पण गेल्या.

तेलकट नाक आणि ब्लॅकहेड्स असतील तर सॅलिसिलिक (२ टक्क्यांपर्यंत), कारण ते तेलात विरघळतं आणि रंध्रात उतरतं. कोरड्या त्वचेला लॅक्टिक बरं. आणि हो, सनस्क्रीनचा लेखात उल्लेखच नाही! ग्लायकोलिक, लॅक्टिक लावणाऱ्यांची त्वचा उन्हाला हळवी होते. कृपया ही ओळ लेखात घालाच.