होर्मुझ्द रस्साम : मुकादम आणि चोर?

‘प्राचीन आसिरियाचा राजा असुरबनिपाल याचे मातीच्या लिखित पाट्यांचे ग्रंथालय इंग्रज उत्खनक लेयार्डने शोधले, आजच्या इराकमधील मोसुलचा होर्मुझ्द रस्साम त्याच्या हाताखालचा मुकादम होता, आणि पुढे तो फ्रेंचांच्या जागेत रात्री चोरून खणणारा, मातीच्या पाट्या परस्पर विकू देणारा निघाला’, असे सर्रास सांगितले जाते.

सुरुवात मुकादमीने झाली, हे खरे. १८२६ साली मोसुलच्या आसिरियन ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेला रस्साम विशीत असताना निमरूद या प्राचीन आसिरियन नगरीच्या, लेयार्डने चालवलेल्या उत्खननावर मजुरी वाटण्याचे व देखरेखीचे काम करीत होता. असुरबनिपालचा आजोबा सेनाखेरिब याच्या राजवाड्यातील पाट्या लेयार्डला सापडल्या, हेही मान्य. परंतु १८५१ मध्ये लेयार्ड मेसोपोटेमिया सोडून गेला. डिसेंबर १८५३ मध्ये मोसुलसमोरच्या कुयुंजिक टेकाडाच्या (प्राचीन निनवेच्या) उत्तर भागात असुरबनिपालचा राजवाडा, सिंहाच्या शिकारीची शिल्पे आणि त्याच दालनातील हजारो पाट्या उजेडात आणल्या, त्या रस्सामने. शिवाय ज्याला केवळ मुकादम म्हणतात, तो पुढे मुंबई इलाख्याच्या ताब्यातील एडनमध्ये अधिकारी होता, आणि १८६४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यालाच इथिओपियाच्या सम्राटाकडे दूत म्हणून पाठवले.

रात्री खणले, हेही खरेच. पण जागा कोणाची होती? मोसुल उस्मानी साम्राज्यात होते, आणि टेकाडाचा उत्तरेकडचा भाग फ्रेंचांना सोडण्याचा समझोता ब्रिटिशांचा रॉलिन्सन आणि फ्रेंचांचा व्हिक्टर प्लास या दोन युरोपीय अधिकाऱ्यांनी आपापसात केला होता. रॉलिन्सनला ती जमीन देण्याचा अधिकारच नव्हता, असे रस्सामचे म्हणणे होते, आणि ते मला पटते. वाटणी करणाऱ्यांना पुरातत्त्वाचे जनक म्हणायचे आणि त्या टेकाडासमोर, टायग्रिस नदीच्या पलीकडच्या तीरावर जन्मलेल्या एकट्याच्या कपाळी चोरीचा शिक्का मारायचा, हा उघड अन्याय आहे.

पाट्यांच्या विक्रीचा आरोप तर न्यायालयात तपासला गेला. रस्सामच्या नातलगांनी चोऱ्यांना हातभार लावला, अशा अर्थाचे बोलणे ब्रिटिश म्युझियममधील वॉलिस बज यांनी केले होते. रस्सामने बदनामीचा दावा लावला आणि १८९३ मध्ये तो जिंकला. त्याला ५० पौंडांची भरपाई मिळाली.

एक टीका मात्र मी खोडणार नाही. १८७८ ते १८८२ या काळात, इराणी सम्राट सायरसचा लेख कोरलेला मातीचा दंडगोल आणि सिप्पर या प्राचीन बॅबिलोनियन नगरीच्या असंख्य पाट्या हाती लागल्या तेव्हा, तो एकाच वेळी अनेक ठिकाणी खोदकाम चालवीत असे आणि कित्येकदा स्वतः जागेवर नसे. त्यामुळे कोणती पाटी कोणत्या खोलीत, कोणत्या थरात सापडली याची नोंद फारशी राहिली नाही, आणि ते नुकसान आता भरून येणारे नाही. पण भिंतींच्या कडेने बोगदे खणत शिल्पे गाठण्याची घाई त्याने लेयार्डच्याच उत्खननांवर पाहिली होती, आणि तेवढ्यासाठी लेयार्डला कोणी चोर म्हणत नाही.