‘सेल काढा, बायोस उघडतो’ म्हणे! काही उघडत नाही

म्हापसा, फोंडा, मडगाव, जिथे तिथे गेमिंगवाल्या पोरांच्या व्हॉट्सॲपवर सध्या एकच मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की बायोसमधे (पीसी सुरू होताना उघडतो तो मदरबोर्डचा सेटिंग-मेनू) मल्टिप्लायरचा (प्रोसेसरचा वेग ठरवताना बेस क्लॉक नावाच्या पायाच्या वेगाला गुणणारा आकडा) ऑप्शन राखाडी दिसतो आणि बदलत नाही म्हणजे मदरबोर्डवाल्यांनी मुद्दाम लॉक मारलाय, मदरबोर्डवरचा छोटा सेल काढून परत घाला, नाहीतर जुना बायोस टाका, तरी नाही तर मोडेड, म्हणजे कोणीतरी बदललेला, बायोस मारा, सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना फक्त मान्य सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) बंद करा, मग कुठलाही प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळतो. पहिल्यांदा ओव्हरक्लॉक करणाऱ्याला हुरूप येणारच, पण यातलं बहुतेक चूक आहे आणि एक सल्ला तर प्रोसेसरच्या जिवावर उठणारा आहे.

आधी ते ‘बोर्डवाल्यांनी लॉक मारलाय’ बघू. अरे पात्रांव, इंटेलमधे लॉक प्रोसेसरातच असतो, कारखान्यातूनच. नावाच्या शेवटी के, केएफ, केएस असलं तरच मल्टिप्लायर वर नेता येतो, त्यामुळे आय५ १२४०० घेऊन कितीही महागडा बोर्ड लावलात तरी मल्टिप्लायर हलणार नाही, १२६००केचा हलेल. आणि के असूनही चिपसेट (बोर्डवरची मुख्य चिप) झेडचा लागतो, झेड६९०, झेड७९० असा. बी६६० किंवा बी७६० वर रॅमचा स्पीड वाढवता येतो, ती सूट २०२१ मधे बी५६० पासून मिळाली, पण कोअरचा मल्टिप्लायर नाही, आणि एच६१० वर तर रॅमचंही नाही. एएमडीत उलटा कारभार, रायझन जवळजवळ सगळे उघडे पण बोर्ड ए३२०, ए५२०, ए६२० निघाला की सीपीयूचं ओव्हरक्लॉकिंग संपलं, बी४५०, बी५५०, बी६५० चालतात. त्यातही ५८००एक्स३डी बंदच, कारण त्यात जादा कॅशे (प्रोसेसरातली जलद मेमरी) कोअरच्या डोक्यावर बसवलीय, उष्णता अडकते आणि व्होल्टेज जास्त देता येत नाही. २०२४ च्या ९८००एक्स३डीत ती कॅशे कोअरच्या खाली घेतली, मग तो उघडा ठेवला. आपल्याकडे दुकानाच्या बिलावर नुसतं ‘आय५ सिस्टम’ लिहून देतात त्यामुळे बिलाच्या भरवशावर राहू नका, सीपीयू-झेड फुकट आहे, त्याच्या सीपीयू आणि मेनबोर्ड टॅबवर दोन्हींची पूर्ण नावं दिसतात.

आता सेल. सीआर२०३२ काढल्यावर बायोसमधल्या सेटिंग डिफॉल्टवर जातात, बास, प्रोसेसरातला लॉक सेलवर चालत नाही. चुकीचं ओव्हरक्लॉक करून पीसी चालूच होत नसेल तेव्हा हा उपाय बरोबर आहे, पण रॅमचा एक्सएमपी (रॅम जाहीर केलेल्या वेगावर चालवणारं सेटिंग) बंद होईल, बूटची ऑर्डर बदलेल आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एनक्रिप्शन) चालू असेल तर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं, ती आधी कुठेतरी लिहून ठेवा.

सीपीयू आणि बोर्ड दोन्ही बरोबर असून ऑप्शन राखाडी असेल तर कारण बहुतेक वेळा अगदी साधं असतं आणि मेसेजमधे नेमकं तेच नाही. बायोस ईझी मोडमधे उघडलाय, ॲडव्हान्स्डला जा, असूस आणि एमएसआयवर एफ७, गिगाबाइटवर एफ२, ॲसरॉकवर एफ६. किंवा वरचा एक ऑप्शन ऑटोवर आहे म्हणून खालचे झोपलेत, असूसमधे सीपीयू कोअर रेशो ऑटोवरून सिंक ऑल कोअर्सवर नेला की आकडा टाकायची जागा येते. सेकंडहॅन्ड पीसी असेल तर आणखी एक बघा, बायोसला दोन पासवर्ड असतात, यूजरवाला टाकून आत गेलात तर बरंच काही नुसतं बघायला मिळतं, बदलायला ॲडमिनिस्ट्रेटरवाला लागतो.

जुन्या बायोसच्या सल्ल्याला मात्र थोडा इतिहास आहे. स्कायलेकच्या (इंटेलची सहावी पिढी) वेळी काही बोर्ड कंपन्यांनी के नसलेले प्रोसेसर बेस क्लॉक वाढवून पळवायचे बायोस काढले होते, मग २०१६ मधे इंटेलने मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या अपडेटने) ती वाट बुजवली आणि तेव्हा जुना बायोस ठेवणाऱ्यांचं खरंच चाललं. पुढे २०२२ मधे १२व्या पिढीच्या काही के नसलेल्या प्रोसेसरांचंही मोजक्या बोर्डांवर असंच चाललं, पण सगळ्यांसाठीचा उपाय तो कधीच नव्हता. आज १३व्या-१४व्या पिढीच्या इंटेलवर जुना बायोस टाकणं म्हणजे ऑगस्ट २०२४ चा ०एक्स१२९ मायक्रोकोड आणि त्यानंतरची दुरुस्ती काढून टाकणं, जी प्रोसेसर स्वतःच जास्त व्होल्टेज मागून खराब होत होते म्हणून आली. खराब झालेला प्रोसेसर परत बायोस अपडेट केल्याने बरा होत नाही. एएमडीचंही तेच, २०२३ मधे रायझन ७००० जळायला लागले तेव्हा नवीन बायोसने एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरातल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाचं) १.३ व्होल्टवर अडवलं, ते बंधन का काढायचं?

मोडेड बायोस लपलेले मेनू दाखवतो, प्रोसेसरात नसलेली ताकद आणत नाही. वर आपल्याकडे जून ते सप्टेंबर कुठेतरी माड तारांवर पडतो आणि लाईट जाते, ती फ्लॅश (बायोस चिपवर लिहिणं) चालू असताना गेली तर बोर्ड मेला समजा, फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून बायोस परत भरणारं) बटण असेल तर वाचायची आशा. साधं अधिकृत अपडेटसुद्धा यूपीएसशिवाय करू नका.

सिक्युअर बूटचा मल्टिप्लायरशी काडीचा संबंध नाही. बंद केलात तर उलट विंडोज ११ वर व्हॅलोरंट गेम चालायचा थांबेल.

लॉक असलेल्या प्रोसेसरवर करण्यासारखं नाहीच असं नाही. एक्सएमपी चालू करा, बी६६० वर १२४०० असेल तर बोर्ड देत असल्यास ६५ वॅटचा पीएल१ (सतत वापरायच्या विजेची मर्यादा) वाढवून बघा, टर्बो (वाढीव वेग) जास्त वेळ टिकतो, लॉक नसलेल्या रायझन ५०००वाल्यांनीही कर्व्ह ऑप्टिमायझरने (प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं कमी करणारं सेटिंग) सुरुवात करावी. फक्त पीएल१ वाढवायच्या आधी प्रोसेसरच्या डब्यातून आलेल्या पंख्यावर एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून तापमान बघा, आणि ते मे महिन्यात एसी बंद ठेवून बघा, डिसेंबरातल्या थंडीतलं रीडिंग इथे कामाचं नाही.