दोन टॉर्पेडोंची बोट आणि श्रेयाचा हिशेब

जर्मन पाणबुड्यांचा विषय निघाला की 'काय ते इंजिनिअरिंग, काय ती छाती!' असा सूर लागतोच. छातीबद्दल वाद नाही. पण पहिल्या महायुद्धातल्या यूबी-14 या जर्मन पाणबुडीचा हिशेब मांडायला बसलं की बरंचसं श्रेय समोरच्या बाजूच्या गलथानपणाकडे जातं.

आधी बोट बघा. किनाऱ्यालगत वापरायला घाईघाईत बांधलेली. लांबी 28 मीटर, म्हणजे एकामागे एक अडीच एसटी. माणसं 14, टॉर्पेडो फक्त 2. डिझेल इंजिन 60 हॉर्सपॉवरचं, पाण्यावर वेग जेमतेम सात नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी 13 किलोमीटर. टॉर्पेडो सुटला की पुढचं पावणेआठशे किलो वजन एकदम कमी व्हायचं. तेवढं पाणी टाकीत घ्यायची सोय होती, पण ती दर वेळी धड चालेच असं नाही. याच जातीच्या यूबी-15 ने जून 1915 मध्ये 'मेडुसा' ही इटालियन पाणबुडी बुडवली, तेव्हा तोल सावरायला सगळ्या खलाशांना मागच्या टोकाकडे पळावं लागलं. समोर शत्रू बुडतोय आणि आत ही पळापळ!

यूबी-15 चा कप्तान हाइनो फॉन हाइम्बुर्ग मग यूबी-14 वर आला. ही बोट ब्रेमेनची, पण रेल्वेने एड्रियाटिक समुद्रावरच्या ऑस्ट्रियाच्या पोला बंदरात आणलेली. 7 जुलैला तिने व्हेनिसजवळ 'अमाल्फी' ही इटलीची चिलखती क्रूझर, म्हणजे मोठी युद्धनौका, बुडवली. गंमत म्हणजे जर्मनी आणि इटली यांच्यात तेव्हा युद्ध लागलेलंच नव्हतं, ते लागलं ऑगस्ट 1916 मध्ये. म्हणून माणसं जर्मन आणि झेंडा इटलीशी लढणाऱ्या ऑस्ट्रियाचा. याला शौर्य म्हणायचं असेल तर लबाडी कशाला म्हणायचं, तेही कुणीतरी सांगा.

पुढे जर्मनीच्या बाजूने लढणाऱ्या तुर्कस्तानला जाताना बोट बिघडली. बोद्रुमला ती दुरुस्त करायला कॉन्स्टँटिनोपलहून (आजचं इस्तंबूल) कारागीर आले, आधी रेल्वेने आणि मग चक्क उंटांवरून.

13 ऑगस्टला एजियन समुद्रात हाइम्बुर्गला आधी 'सूदान' हे इस्पितळ-जहाज दिसलं. त्याने ते जाऊ दिलं. याचं फार कौतुक होतं, पण कायदा तेच सांगत होता. मागून आलं 'रॉयल एडवर्ड' हे सैनिक नेणारं ब्रिटिश जहाज. अलेक्झांड्रियाहून तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या आघाडीकडे निघालेले तेराशेहून अधिक लोक त्यावर, आणि सोबत एकही युद्धनौका नाही. बोट ड्रिल, म्हणजे जहाज सोडायचा सराव, नुकतंच आटोपलेलं, बरेच सैनिक सामान ठेवायला खाली गेलेले. जहाज सहा मिनिटांत बुडालं, आठशेहून जास्त माणसं गेली. एवढ्या लोकांना राखणीशिवाय पाठवणाऱ्यांना मी आधी जाब विचारेन, हाइम्बुर्गला नंतर.

तुर्कस्तानच्या मार्मारा समुद्रातली गोष्ट तर कहरच. 30 ऑक्टोबरला 'तुर्कवाज' ही फ्रेंच पाणबुडी तुर्कांच्या हाती लागली, तीही आतल्या गुप्त कागदांसकट. ई-20 ही ब्रिटिश पाणबुडी तिला कुठे भेटणार, हे त्यात लिहिलेलं! भेटीला गेली यूबी-14, आणि तिने ई-20 बुडवली. ई-20 चे 21 जण मेले, 9 वाचले.

हाइम्बुर्गला 1917 मध्ये 'पूर ल मेरीत' हा प्रशियाचा मानाचा किताब मिळाला. तुर्कांनी मात्र पकडलेल्या पाणबुडीला मुस्तेजिप ऑनबाशी हे नाव दिलं. ज्याच्या तोफेने ती अडवली, तो हा कॉर्पोरल. ई-20 च्या शिकारीत निम्मा वाटा त्याचा आणि उरलेल्यातला मोठा भाग कागद न जाळणाऱ्यांचा. पाणबुडीवेड्यांच्या गप्पांत या मुस्तेजिपचं नाव माझ्या तरी कानावर कधी आलेलं नाही.