‘जमिनीला लागलं की वादळ मेलं’ म्हणे!

चक्रीवादळाची बातमी आली की हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास फिरतो: ‘वादळ जमिनीवर आलं की काही तासांत मरतं. जमिनीशी घासून त्याचा जोर संपतो, उरलंसुरलं डोंगर अडवतात. किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्यांनी उगाच घाबरू नये.’ यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते लोकांना पटतं.

वारा लवकर पडतो, हे खरं. ३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ने रायगडच्या किनाऱ्यावर नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी विदर्भाकडे सरकेपर्यंत त्याचं नुसतं डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाहून दुबळं कमी दाबाचं क्षेत्र, झालं होतं.

पण मुख्य कारण ‘घासणं’ नाही. वादळ जगतं ते कोमट समुद्राच्या वाफेवर, आणि जमिनीवर ती रसद तुटते. घर्षणाने वारा मंदावतो खरा, पण त्याच घर्षणाने तो केंद्राकडे जास्त वळतो, हवा एकवटून वर चढते आणि किनाऱ्यालगत पावसाला उलट जोरच मिळतो.

डोंगर अडवतात? ढगांना वर ढकलून ते पाणी पिळून घेतात. अमेरिकेतलं ‘हेलेन’ चक्रीवादळ २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री ताशी सुमारे २२५ किलोमीटर वाऱ्यानिशी फ्लोरिडात शिरलं. सर्वात भीषण पूर मात्र आला शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलिनाच्या अ‍ॅपलाचियन डोंगरांत. तिथे आधीच दोन दिवस पाऊस झोडपत होता. बुसिक गावात तीन दिवसांत ७८ सेंटिमीटर पडला. तिथल्याच अ‍ॅशव्हिल शहराच्या नळांना पिण्याजोगं पाणी परत यायला नोव्हेंबरचा मध्य उलटला. वादळाची श्रेणी वाऱ्यावरून ठरते, पावसाचा तिच्यात हिशेबच नसतो. त्यामुळे ‘श्रेणी घसरली’ ही बातमी डोंगराखालच्या माणसाच्या काही कामाची नाही.

आता ‘लांब राहणाऱ्यांनी घाबरू नये’. हे वाक्य मराठवाड्यात कुणी मोठ्याने म्हणून दाखवावं. ‘गुलाब’ २६ सप्टेंबर २०२१ ला आंध्रात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं. वाऱ्याच्या मानाने साधंच वादळ. तेलंगण ओलांडून ते आपल्याकडे आलं तेव्हा नावापुरतंही चक्रीवादळ उरलं नव्हतं. तरीही बीड, लातूर, उस्मानाबादकडे पाऊस असा कोसळला की मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठची शिवारं बुडाली. सोयाबीन ऐन काढणीला आलेलं. उभ्या पिकात पाणी साचून राहिलं आणि झाडावरच्या शेंगांना कोंब फुटले. सप्टेंबरात जमीन आधीच तुडुंब असते, नवं पाणी मुरणार कुठे?

राहिलं ‘मरतं’. गुलाबचे अवशेष गुजरातवरून अरबी समुद्रात उतरले, तिथे पुन्हा वाफ मिळाली आणि १ ऑक्टोबरला त्याचंच नवं चक्रीवादळ झालं, ‘शाहीन’. ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या किनाऱ्यावर धडकलं. फॉरवर्डच्या हिशेबाने ते आठवडाभरापूर्वीच आंध्रात मेलं होतं.